सोमवारचं तेल

चनबसप्पांनी आपल्या जावयाला जन्मात कधी अरे-तुरे केलं नाही, आणि रुद्रप्पाची सगळी अडचण तिथंच होती. शिव्या घालणाऱ्या सासऱ्याशी माणूस भांडू शकतो. पण "रुद्रप्पा, तुमी उटू नका की. तुमी बसा की. फळी मी लावतो की," असं म्हणणाऱ्याशी कुठल्या तोंडानं भांडायचं? एका दमात तीन वेळा 'की', शेवटच्या 'की'ला लांबडा कानडी हेल, आणि मग बाहेरून कडी पडल्याचा खट्ट आवाज. गिरणीच्या सकाळच्या पाळीचा भोंगा विरला की हा आवाज यायचाच. गल्लीतल्या बायका त्यावर चुलीवरचा चहा उतरवायच्या.

कडी बाहेरून होती, कारण तो खोका माणसासाठी केलेलाच नव्हता. सोलापूरच्या मंगळवार पेठेच्या मागल्या गल्लीत चनबसप्पांचा तेलाचा घाणा. त्या घाण्याच्या भिंतीला चिकटून पेंड ठेवायला हा लाकडी खोका ठोकलेला, चार फूट लांब आणि तीन फूट रुंद. गल्लीतल्या शेळ्यांनी पेंडीला तोंड लावू नये म्हणून पुढच्या फळीला बाहेरून कडी. पुढं जावई आला, पेंड आत माळवदाखाली गेली, गिऱ्हाईकासाठी वरची फळी निघाली, जावई खोक्यात गेला आणि खालच्या फळीची कडी, आतून हात पोचणार नाही अशी, होती तिथं राहिली. सकाळी फळी लागली की रुद्रप्पा दुपारी दाक्षायणी जेवायला हाक मारेपर्यंत आत. पाय लांब करायचे तर सहाण उचलून डोक्यावर ठेवायला लागायची.

रुद्रप्पा वैरागचा. तीन भावांतला धाकटा, बार्शीच्या एका वर्कशॉपात दोन वर्षं कानस चालवलेला. दाक्षायणी ही चनबसप्पांची एकुलती एक, आई नसलेली. मुलगी नजरेआड करणार नाही, जावयानं इथं येऊन राहायचं, असं चनबसप्पांनी लग्नाच्या बैठकीत सांगितलं. सगळ्यांनी रुद्रप्पाकडं बघितलं तेव्हा तो "हो" म्हणाला. तेवढंच. तो फार बोलायचा नाही, आणि जे बोलायचा त्यात हे 'हो' जास्त असायचं.

खोक्यात बसून तो मिटते चाकू करायचा. जुन्या करवतीचं पातं कापून, घासून त्याचा चाकू, बाभळीच्या लाकडाची मूठ, दोन्ही अंगांनी पितळी रिबिट. हात असा होता की पातं मुठीत मिटलं तर कागद जाईल एवढीसुद्धा फट राहायची नाही. धनगर, माळी, गिरणीतले कामगार असे सगळे त्याचे चाकू घ्यायचे. पण फट नसलेल्या चाकूला तेल जपून लागतं. ढिल्या चाकूला काहीही चालतं, घट्ट चाकू मात्र कसलंही तेल खपवून घेत नाही. आणि तेलाचा कारभार रुद्रप्पाकडं नव्हता.

सोमवारी घाण्याचा बैल जुंपायचा नाही, ही त्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. बैल धुवायचा, कपाळाला विभूती लावायची, पुढ्यात पेंड टाकायची, दिवसभर त्यानं नुसतं बसायचं. घाणा थांबला की चनबसप्पांच्या हातांना काम नसायचं, आणि रिकाम्या हातांचा त्यांना फार त्रास. मग ते पूजा आटपून, गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याआड सारून, पाट आणि पितळी वाटी घेऊन खोक्यासमोर यायचे. वाटीत आदल्या दिवशीचं ताजं करडईचं तेल. एकेक चाकू उघडायचा, सांध्यात तेल सोडायचं, मिटायचा, उघडायचा, मग साऱ्या चाकूला वरून बोट फिरवायचं. खोक्यातला एकही चाकू सुटायचा नाही. बैलाला सोमवारची सुट्टी होती. रुद्रप्पाला तीही नव्हती.

"आमच्या घाण्याचं तेल पोटाला चालतंय, दिव्याला चालतंय, बाळाच्या टाळूला चालतंय," असं ते बोट फिरवता फिरवता म्हणायचे. "मग लोकंडाला का चालणार न्हाय की?"

मंगळवारी बाजाराचा दिवस. त्या दिवशी चाकू लोण्यातून निघाल्यासारखे उघडायचे. चनबसप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः उघडून दाखवायचे. बुधवारी ठीक असायचं. गुरुवारी पातं जरा हट्ट धरायचं. शनिवारपर्यंत सांध्यातलं करडईचं तेल सुकून डिंक व्हायचं आणि चाकू मिटलेला तो मिटलेलाच. सोलापूरच्या उन्हात तर शुक्रवारीच. मूठ मात्र काचेसारखी चमकायची.

हे चनबसप्पांना कळायचं नाही, कारण शनिवारी ते घाण्यावर असायचे आणि घाण्याच्या करकरीत त्यांना काही ऐकू यायचं नाही. ऐकायला रुद्रप्पा होता. मंगळवेढ्याकडचा धुळाप्पा धनगर दर महिन्या-दोन महिन्याला मिटलेला चाकू फळीवर आपटायचा. घोंगडं सावरत, मान वाकडी करून तो म्हणायचा, "पावनं, ह्यो चाकू हाय का अक्रोड? मेंढीच्या पायात काटा. मी दातानं पातं वडतोय, मेंढरू माज्याकडं बघतंय. त्याला बी हसू आलं."

रुद्रप्पा रॉकेलमध्ये चाकू बुडवायचा, डिंक सुटायचा, चाकू उघडायचा, आणि वर परत करडईचंच तेल पडायचं. धुळाप्पा विचारायचा, दुसरं तेल का न्हाय घालत? रुद्रप्पा घाण्याच्या दाराकडं बघायचा. धुळाप्पाही तिकडं बघायचा, मग आवाज खाली आणून "व्हय, व्हय," म्हणायचा आणि निघून जायचा.

असं सात वर्षं चाललं.

त्या वर्षी संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेला रुद्रप्पाचा मावसभाऊ गुरप्पा आला. गुरप्पा अकलूजकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होता आणि तिथं लागल्यापासून त्याचं प्रत्येक वाक्य "पॉईंट असा आहे" इथून निघायचं. पॉईंट असा होता की कारखान्याच्या वर्कशॉपात एक जागा होती. कानशीचा हात चांगला पाहिजे. फोरमन साहेबांना कागद नको, काम दाखवायला पाहिजे. "तू एक चाकू दे. साहेब खिशात ठेवणार, पंधरा-वीस दिवस वापरणार. पसंत पडला की बोलावणं. क्वार्टर आहे, नळ आहे, वहिनीला घेऊन ये." एवढं म्हणून त्यानं खोक्यावरून नजर फिरवली. "हे काय रे, तुला कोंडलंय का?"

"हवा लागत नाही म्हणून," रुद्रप्पा काहीतरीच बोलला.

महिन्याभरात गुरप्पा परत येणार होता. पंधरा-वीस दिवस खिशात! करडईचं तेल सहा दिवस टिकायचं. सात वर्षांत पहिल्यांदाच रुद्रप्पाला काहीतरी हवंसं वाटलं, आणि ते सगळं एका थेंबावर येऊन अडकलं होतं. कुठल्या तेलाच्या?

त्यानं पाच चाकू बाजूला काढले आणि मुठींवर कानशीनं खुणा केल्या. सोमवार आला की ते दाक्षायणीच्या शिलाई मशीनच्या खणात जायचे, मंगळवारी परत. दाक्षायणीनं पहिल्या सोमवारी विचारलं नाही. दुसऱ्या सोमवारी तिनं न विचारताच पदर पुढं धरला.

रॉकेल दोन दिवस झकास. तिसऱ्या दिवशी उडून गेलं आणि पात्यावर तांबूस ठिपके. एरंडेल लावलेला चाकू उघडायचा, पण विचार करून. खोबरेल दुपारी इतकं चांगलं चाललं की रुद्रप्पा मनात अकलूजला पोचला. सकाळी पौषाच्या थंडीत ते थिजलं आणि चाकू दहा वाजेपर्यंत झोपून राहिला. धुळाप्पानं सांगितलेला उपाय म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचट ओशटपणा. बोटानं लावला, पातं खरंच फिरलं. पण संध्याकाळी चनबसप्पा दारात थबकले, नाक वर करून दोनदा हुंगलं आणि घरात मेंढरू कुठून शिरलं म्हणून परसापर्यंत बघून आले. त्यांचं नाक असं होतं की करडई कुठल्या रानातली ते वासावरून सांगायचं.

पाचवं तेल दाक्षायणीनं दिलं. मशीनचं तेल, चोच असलेल्या चिमुकल्या डब्यातलं. हे तेल घरात होतंच, पण चाकूला बंदी होती. एकदा पूर्वी रुद्रप्पानं ते लावलं होतं तेव्हा चनबसप्पा रागावले नव्हते, नुसते व्याकूळ झाले होते. मशीन काय खातंय की, असं ते म्हणाले होते, चाकूनं तर केळं कापायचं, नैवेद्याचं फळ कापायचं. त्या दिवशी ते जेवले नव्हते. असल्या उपाशी सासऱ्यासमोर कोण टिकणार.

दाक्षायणी झंपर शिवता शिवता म्हणाली, जास्त घातलं की धूळ धरतंय, काडीपेटीच्या काडीनं एकच थेंब सोडा. त्यानं एकच थेंब सोडला. दहा दिवस झाले, पंधरा झाले, एकोणीस झाले. अंगठ्याचं नख खाचेत टेकवायचं, पातं उभं. मिटताना टक. दाक्षायणी तो टक ऐकून पायडलवरचा पाय थांबवायची.

"तू येणार ना?" त्यानं विचारलं.

ती सुईत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, "बोलावलं तर येते. पण अप्पांना तुम्ही सांगायचं. तोंडानं. मी न्हाय सांगणार."

तो हो म्हणाला.

माघ सरताना, एका मंगळवारी, गुरप्पा चाकू घेऊन गेला. चनबसप्पांना एवढंच कळलं की कारखान्याच्या साहेबाला जावयाचा चाकू पाहिजे झालाय, आणि त्यांनी ते चार घरी सांगितलं.

तीन आठवड्यांनी गुरप्पा आला तो हसतच. चनबसप्पांनी बैल थांबवला, हात पुसत बाहेर आले. रुद्रप्पा खोक्यात, फळी लागलेली. गुरप्पानं दोघांच्या मध्ये उभं राहून बातमी दिली. पॉईंट असा की साहेब खूश. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या एका अंगठ्यानं उघडतात, मिटतात, उघडतात. ऊस सोलतात त्यानंच. एक तारखेला रुद्रप्पानं येऊन भेटायचं. आणि साहेबांकडं आणखी दोन विलायती चाकू आहेत, ते कुरकुरतात, तर ह्या चाकूला जे तेल आहे तेच ह्या बाटलीत भरून द्यायचं. गुरप्पानं खिशातून औषधाची रिकामी बाटली काढली.

"करडईचं," चनबसप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा दिवा लावल्यासारखा झाला. "आमच्या घाण्याचं. सांगा की हो रुद्रप्पा, तुमीच सांगा की."

आता बघा, इथं एक शब्द पुरला असता. मशीनचं. रुद्रप्पाच्या जिभेवर तो आलाही होता. सासरे त्याच्याकडं बघत होते, आणि जावई आपल्याला सोडून जाणार हे एक तारखेच्या बोलण्यातून कळूनही त्यांच्या चेहऱ्यावर फक्त तेलाचा आनंद होता. बाटली त्यांच्या हातात होती.

"हो," रुद्रप्पा म्हणाला.

चनबसप्पांनी बाटली राखेनं घासली, उन्हात धरली, पांढऱ्या फडक्यातून तेल गाळून काठोकाठ भरली आणि बुचावर मेण लावलं. देवाला नेतात तशी ती दोन्ही हातांत धरून ते पाहुण्याला एसटी स्टँडपर्यंत सोडायला स्वतः निघाले. रुद्रप्पा खोक्यातून गुरप्पाला डोळ्यांनी खुणावत राहिला. गुरप्पाला वाटलं, भावाला गहिवरून आलंय. "समजलं, समजलं," असं म्हणून त्यानं खांद्यावर थोपटलं आणि गेला.

रुद्रप्पानं फळी ढकलली. कडी बाहेर. त्यानं दाक्षायणीला हाक मारली, ती पिठाच्या हातानं आली, कडी काढली, आणि त्याचा चेहरा बघून एवढंच म्हणाली, पळा. तो पळाला. गल्लीतल्या लोकांनी त्याला सात वर्षांत पहिल्यांदाच पळताना बघितलं.

अकलूजची गाडी सुरू झाली होती. गुरप्पा खिडकीत. चनबसप्पा खिडकीखाली. धापा टाकत रुद्रप्पा पोचला तसा सासऱ्यांचा हात त्याच्या खांद्यावर आला. पळत आलात की, असं काहीतरी ते कौतुकानं पुटपुटले.

"काय राहिलं का रे सांगायचं?" गुरप्पानं खिडकीतून डोकं काढलं.

खांद्यावरचा हात तेलकट होता. सदऱ्यातून कातडीपर्यंत ओल पोचत होती.

"नाही. सांभाळून जा," रुद्रप्पा म्हणाला.

परत येताना त्यानं हिशेब मांडला. साहेब आज-उद्या तेल घालणार. फाल्गुनाचं ऊन. सहा दिवस, फार तर सात. एक तारखेला अकरा दिवस होते. घरी येऊन त्यानं पोस्टकार्ड घेतलं, 'ते तेल वापरू नये' एवढं लिहिलं, आणि पुढं 'कारण' लिहून थांबला. कार्ड गुरप्पाच्या नावानं जाणार, गुरप्पा कुठंतरी बोलणार, बोललेलं फिरून इथं येणार. सासरे ताटावरून उठताहेत असं चित्र डोळ्यांपुढं आलं. कार्ड दाक्षायणीच्या मशीनच्या खणात गेलं. ते तिनं वाचलं असावं. त्या रात्री तिनं त्याच्याकडं पाठ केली.

शनिवारी, एक तारखेला दोन दिवस असताना, गुरप्पा परत आला. हसत नव्हता. त्यानं फळीवर रुमाल सोडला. तीन चाकू. दोन विलायती, एक रुद्रप्पाचा. तिन्ही घट्ट मिटलेले. घाणा नेमका तेव्हा थांबलेला होता, बैलाला पाणी दाखवायचं म्हणून, आणि चनबसप्पा दारात उभे होते.

गुरप्पानं ह्या वेळी पॉईंटबिंट काही म्हटलं नाही. साहेबांनी स्वतःच्या हातानं तिन्हींना तेल घातलं, म्हणाला. सहाव्या दिवशी एकही उघडेना. साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की माणसाचा हात चांगला आहे, पण विचारल्यावर खरं सांगत नाही त्याला मशीनजवळ उभा करता येत नाही. जागा दुसऱ्याला दिली. निरोप देऊन तो चहासुद्धा न घेता गेला.

चनबसप्पांनी रुद्रप्पाचा चाकू उचलला. खाचेत नख घातलं, ओढलं. परत ओढलं. खाली बसले, दोन गुडघ्यांत मूठ धरली, दोन्ही हातांनी ओढलं. नख तुटलं. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि तसंच बसून चाकूकडं बघत राहिले. सांध्याशी पिवळा, कडक डिंक होता. त्यांनी तो हुंगला. आपलं तेल त्यांना कुठंही ओळखू आलं असतं.

"सोमवारी उघडत होता की," ते म्हणाले.

रुद्रप्पा खोक्यात होता, फळी लागलेली होती, आणि आता सांभाळायला काही उरलं नव्हतं.

"मंगळवारी पण उघडतो, मामा. शनिवारी नाही. कधीच नाही."

"कदीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि साहेबाकडं गेला तेव्हा?"

"तेव्हा मशीनचं होतं."

चनबसप्पा उठले. त्यांनी फक्त "साकु," म्हटलं, पुरे. कुणाला म्हटलं ते कळलं नाही. बैलाचं पाणी तसंच राहिलं म्हणून ते आत गेले. त्या दिवशी ते जेवले, पण कोशिंबिरीवरचं तेल बाजूला सारून.

सोमवार आला. बैल धुतला, विभूती लावली, पेंड टाकली. रुद्रप्पा खोक्यात बसून मशीनच्या तेलाचा चोचीचा डबा राजरोस पुढ्यात ठेवून एकेका सांध्यात काडीनं थेंब सोडत होता. कुणी अडवत नव्हतं. चनबसप्पा पाट घेऊन आले आणि समोर बसले. वाटी आणली होती, पण ती पाटाच्या मागं ठेवली, आपल्याच अंगाआड. हात मांडीवर. मग ते हात सदऱ्याची गुंडी चाचपायला लागले, मग पाटाची कड, मग परत मांडी. एक चाकू उचलला, उघडला, मिटला, उघडला, मिटला. टक, टक. ठेवला. थोड्या वेळानं तोच परत उचलला.

दाक्षायणीच्या मशीनचा आवाज आत थांबला होता.

रुद्रप्पानं त्या हातांकडं बघितलं. सात वर्षं हे हात कधी रिकामे होतील याची तो वाट बघत होता. आता झाले होते, आणि त्याला बघवेना. तो काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकदा हे बोललो की पुढच्या सोमवारी, त्याच्या पुढच्या सोमवारी आणि केस पिकल्यावरच्या सोमवारीसुद्धा आपण इथंच असणार, हे कळून-सवरून त्यानं चाकू पुढं केला.

"मूठ लाकडाची आहे, मामा," तो म्हणाला. "आत मशीनचं राहू द्या, पण लाकडाला करडईच लागते. दुसरं काही लावलं तर चिरतं. तुम्ही लावाल तर..."

चनबसप्पांनी पाटामागून वाटी पुढं घेतली. घाई न दाखवता, पण लगेच. बोट बुडवलं, सांध्यापासून दोन बोटं लांब राहून मुठीवर फिरवलं, उन्हात धरून बघितलं. बाभळीचं लाकूड आतून उजळल्यासारखं तांबडं झालं. "लाकडाचं म्हणताय तर खरं हाय की," ते म्हणाले, आणि दुसऱ्या चाकूसाठी हात पुढं केला.

दुपारपर्यंत सगळे चाकू झाले. आत मशीन परत सुरू झालं होतं. रुद्रप्पा पाय मोकळे करायला उठणार, तोच चनबसप्पा लगबगीनं उठले.

"तुमी उटू नका की," ते म्हणाले. "तुमी बसा की. जेवन मी हितंच घेऊन येतो की."

आणि जाता जाता, नेहमीच्या सवयीनं, त्यांनी फळीला हात लावून कडी नीट पडलीय का बघितलं.